स्थळ ओळखा

आमच्या घरात त्या दिवसांत दोन प्रकारची स्थळं बघितली जायची. ताईसाठी आई बघायची ती, आणि ताईच्याच मोबाइलवर मी बघायचे ती. आईच्या स्थळांना नाव, शिक्षण, उंची, नोकरी, स्वतःचं घर असे रकाने असायचे. माझ्या स्थळांना काहीच नसायचं. एक अनोळखी रस्ता, दोन्हीकडे झाडं किंवा दुकानं, एखादा विजेचा खांब, आणि हे जगात कुठे आहे ते सांग, एवढाच प्रश्न. मग नकाशावर बोट ठेवायचं. जितकं जवळ ठेवाल तितके गुण जास्त. आईला अकरा स्थळांमधून एक धड सापडत नव्हतं आणि मी मात्र रोज संध्याकाळी जेवणापर्यंत पाच खंड फिरून यायचे, याचा तिला मनापासून राग होता. "ब्राझीलचे खांब ओळखतेस ना, एक मुलगा ओळखून दाखव," असं ती म्हणायची. पुढे मी तेही केलं, आणि घरादाराला तोंड लपवायला जागा ठेवली नाही.

बुवापाड्यात आमच्या दोन खोल्या, त्यांतली एक बाबांच्या डब्यांनी अडवलेली. बाबा पेंटर. भिंती रंगवणारे नव्हेत, दुकानांच्या पाट्या लिहिणारे. अंबरनाथ पश्चिमेच्या स्टेशन रोडवर एके काळी निम्म्या पाट्यांच्या कोपऱ्यात 'वसंत पेंटर, बुवापाडा' असं मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं असायचं. मग फ्लेक्स आले आणि बाबांच्या वाट्याला नव्या इमारतींवर 'ए विंग', 'बी विंग' आणि जिन्याच्या कोपऱ्यात 'येथे थुंकू नये' एवढंच लिहिणं उरलं. तरी थुंकूमधला 'कू' दीर्घच आहे ना, हे ते दरवेळी मला विचारून घेत. घरात कायम टर्पेंटाइनचा वास असायचा. त्यात आई सुकट भाजायला बसली की दोन्ही वासांची जी युती व्हायची, ती मला पुढे कुठेही भेटली नाही. आई उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जायची. संध्याकाळी परतताना साडीला निळे दोरे चिकटलेले असत आणि जिभेला शेठाणीचे सिंधी शब्द. कुणी रडवेलं दिसलं की ती 'काय झालं' न विचारता 'छा थियो?' विचारायची. पगाराच्या दिवशी दाल-पकवान आणायची. पकवानाची कडक पुरी मोडल्याचा कुरकुर आवाज झाला की शेजारच्या मावशी वाटी घेऊन हजर. सकाळी विहारातली वंदना, मग पिठाच्या गिरणीचा पट्टा, मग भंगारवाला, या आवाजांवर आमच्या घरातली वेळ कळायची. घड्याळ होतं, पण ते नुसतं भिंतीला होतं.

मोबाइल ताईचा होता हे आधी सांगितलं पाहिजे. सुजाताताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. स्टेशनजवळच्या एका लॅबमध्ये ती लोकांचं रक्त काढायची. सात वाजता घरी आली की चप्पल काढायच्या आधी मोबाइल माझ्या हातात द्यायची आणि मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुवायची. तिथून जेवणापर्यंत तो माझा. ती माझ्या बाजूला आडवी पडून बघायची आणि माझं उत्तर बरोबर आलं की पायाने माझ्या पायाला ढुशी द्यायची, एवढंच. पण त्या ढुशीसाठी मी काय काय शिकले! कुठल्या देशात गाड्या उजवीकडून जातात, कुठे खांब सिमेंटचे आणि कुठे लाकडाचे, कुठे रस्त्याच्या कडेच्या खुंटांना लाल पट्टा असतो, हे सगळं मला पाठ होतं. आणि सगळ्यांत आधी बघायचा तो सूर्य. कोपऱ्यात होकायंत्र असतं, त्यावरून सूर्य दक्षिणेला झुकलाय की उत्तरेला हे बघायचं, की अर्धं जग एका फटक्यात बाद होतं. खांब खोटं बोलेल, पाटी खोटं बोलेल, सूर्य बोलणार नाही, असं मी मोठ्या ऐटीत सांगायचे.

हळूहळू सगळं घर या नादाला लागलं. बाबा अक्षरं बघायचे. आपल्याकडचा रस्ता आला की पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' बघून ते लगेच "मराठी पेंटर" किंवा "हा हिंदीवाला" असं सांगायचे, आणि ते कधी चुकलं नाही. परदेशात मात्र त्यांची गाडी भलतीकडेच जायची. एकदा लाल मातीचा रस्ता आणि एक हाताने रंगवलेली पाटी आली. बाबांनी चष्मा वर केला, मोबाइल जवळ घेतला, लांब धरला.

"पेंटर डावखुरा आहे," ते म्हणाले. "घाईत नव्हता. माणूस चांगला वाटतो."

"पण देश कोणता, बाबा?"

"ते मला काय माहीत?"

आई वाळत घातलेले कपडे बघायची. "ही बाई पँट उलटी करून घालते वाळत, म्हणजे ऊन कडक असणार," असं ती भाकरी थापता थापता बोलायची, आणि दहातून सहा वेळा बरोबर निघायची. आज मागे वळून बघते तेव्हा वाटतं, आम्ही चौघं मिळून एक बरा भूगोलाचा मास्तर झालो असतो. फक्त त्या मास्तराला स्वतःचं गाव माहीत नव्हतं.

ताई स्थळांना 'नाही' म्हणायची नाही, 'बघू' म्हणायची. एकाने नोकरी सोडशील का म्हणून विचारलं, बघू. एकाच्या बहिणीने वजन विचारलं, बघू. तो 'बघू' इतका थंड असायचा की समोरचे आपोआप गळायचे. बारावं स्थळ विहारातल्या बायकांच्या ग्रुपवरून आलं. मुलाचं नाव प्रशांत. घरी आई आणि आजी. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत नोकरी, दुपारी तीन ते रात्री अकरा, कायमची दुसरी पाळी. स्वतःचा फ्लॅट, सोनिवली, बदलापूर पश्चिम. बाबांना तो लगेच आवडला, कारण त्याने माहिती हाताने लिहून त्या कागदाचा फोटो पाठवला होता. "अक्षर सरळ आहे. माणूस रेषेवर चालणारा," असा त्यांचा निकाल. दोघं एकदा स्टेशनजवळ चहा प्यायला भेटले. परत आल्यावर आईने विचारलं, "काय?" आणि ताई म्हणाली, "चालेल." आईने आधी गॅस बंद केला, मग भिंतीला धरून खाली बसली.

त्या दिवसापासून माझे वाईट दिवस सुरू झाले. मोबाइल माझ्या हातात यायचा तो वाजतच, पाळीवरूनही त्याचे मेसेज चालू असायचे. ताई हात न पुसता मोरीतून यायची, बघायची, हसायची आणि मोबाइल घेऊन दाराशी जाऊन उभी राहायची. पंधरा दिवसांत माझा खेळ वीस मिनिटांवर आला. पायाची ढुशी तर बंदच झाली. मी अख्खा मंगोलिया बरोबर ओळखला तरी तिचं लक्ष नसायचं. आता या वयात लाज कसली, सरळ लिहिते. मला तो मुलगा आवडला नव्हता, कारण तो ताईला आवडला होता. ती गेली की त्या खोलीत रंगाचे डबे आणि मी एवढेच उरणार होतो.

अशात एका सकाळी त्याचा फोटो आला. गॅलरीत तो उभा, हातात कप, मागे लांबवर नदीची चकचकीत रेघ आणि नदीच्या वर लालभडक सूर्य. खाली लिहिलेलं, 'गुड मॉर्निंग. आमच्या गॅलरीतून आत्ताचा उगवता सूर्य.' ताई अंघोळीला गेली होती. मी सवयीने आधी सूर्य बघितला आणि उडालेच.

आमच्याकडे रुळांच्या एका अंगाला पूर्व आणि दुसऱ्या अंगाला पश्चिम. तिकिटाच्या खिडकीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे याच हिशोबाने बोलतात. बदलापूर पश्चिमेला उतरलं की सोनिवली आणखी आत, आणि नदी त्याच्याही पलीकडे. म्हणजे गॅलरीतून नदीकडे बघणारा माणूस स्टेशनकडे पाठ करून पश्चिमेकडे बघतोय. मग पश्चिमेला सूर्य उगवेल कसा? तो मावळत होता. फोटो संध्याकाळचा होता. आणि संध्याकाळी हा माणूस दुसऱ्या पाळीला कंपनीत असायला हवा! म्हणजे एक तर नोकरी खोटी, नाहीतर घर खोटं, नाहीतर फोटोच कुठून तरी उचललेला. मी मनातल्या मनात तीनदा तपासून बघितलं. इतकं पक्कं उत्तर मला खेळातसुद्धा कधी मिळालं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

ताई कामाला गेल्यावर मी आईला कणकेच्या परातीसमोर बसवलं आणि स्टीलच्या पेल्यांनी सगळं मांडून दाखवलं. हा पेला स्टेशन, ही वाटी सोनिवली, हे लाटणं नदी. आईचा चेहरा उतरत गेला. ताईचं 'चालेल' ऐकून ती जशी भिंतीला धरून खाली बसली होती, तशीच भिंतीला धरून आता उठली.

"नक्की का गं?"

"आई, सूर्य खोटं बोलत नाही."

आईचे हात कणकेचे होते, म्हणून फोन मी लावून दिला आणि स्पीकरवर ठेवला. मुलाच्या आईऐवजी आजींनी उचलला.

"जयभीम. मी अंबरनाथहून बोलते, सुजाताची आई."

"जयभीम बाय, जयभीम. बोला. पोरगा दूध आनायला गेलाय."

"नाही, आम्हाला असं वाटतं, की हे काही जमणार नाही."

"काय जमनार नाय?"

"स्थळ."

"का? काय झाला?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी हाताने खुणावलं, सूर्य, सूर्य.

"अहो, तुमचा सूर्य..." आई अडखळली. "तुमच्या गॅलरीतून सूर्य उगवतो कुठे?"

पलीकडे आजींनी प्रश्न स्वतःशी एकदा पुटपुटून बघितला. मग आजी म्हणाल्या, "उगवतो नदीकडं, मावळतो टेसनाकडं. लग्नाला त्याचा काय?"

आईने कणकेचा हात मोबाइलवर दाबला. "बघ! म्हातारीसुद्धा तेच बोलते. अख्खं घर सामील आहे!" मग हात काढून ती ताठ आवाजात म्हणाली, "ज्या घरात सूर्य पश्चिमेला उगवतो तिथे मी मुलगी देणार नाही." फोन बंद झाला. स्क्रीनवर कणकेचे चार ठसे राहिले होते, ते मी फ्रॉकला पुसले. आता तुम्ही म्हणाल, सोळा वर्षांची मुलगी फ्रॉक घालते का? घरात घालायचे मी. बाबांच्या रंगांनी चांगले कपडे टिकत नसत.

इथे वाचणाऱ्याला प्रश्न पडेल की मोबाइल ताईचा, आणि ताई कामावर, मग फोन कशावरून लावला? बाबांच्या. बाबा त्या दिवशी घरी होते, ते फक्त "अक्षर तर सरळ होतं" असं स्वतःशी म्हणाले. संध्याकाळी ताई आली. आईने सगळं सांगितलं, रडत, मधूनमधून त्या आजींना नावं ठेवत. ताईने आईला काही विचारलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "मनू, शंभर टक्के?"

"शंभर टक्के."

"मग ठीक आहे. तुझं चुकत नाही." तिने तिथेच त्याचा नंबर ब्लॉक केला, मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "घे, खेळ." मग मोरीत गेली आणि नेहमीपेक्षा कितीतरी वेळ हात धूत बसली. मी खेळले. पहिला रस्ता आला, दुसरा आला, मला एकही ओळखता आला नाही. ताई बाजूला आडवी पडली होती, पण भिंतीकडे तोंड करून.

आठ दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. आई पगाराच्या दिवशी दाल-पकवान घेऊन आली आणि ते मऊ पडेपर्यंत तसंच राहिलं. ताई कामावर जायची, यायची, जेवायची. "बघू" म्हणायलासुद्धा कारण उरलं नव्हतं. तिने एकदाही माझ्यावर राग काढला नाही, तो काढला असता तर बरं झालं असतं.

रविवारी बाबांना स्टेशन रोडवरच्या एका औषधाच्या दुकानाचं काम मिळालं. दुकानदार जुन्या वळणाचा, त्याला फ्लेक्स नको, हाताने लिहिलेलीच पाटी हवी. शिडी धरायला मी गेले. बाबांची घाई चालली होती. "एकच्या आत उरकलं पाहिजे," ते वरून म्हणाले, "मग ऊन थेट तोंडावर येतं. ओल्या रंगाला फोड येतात."

मी म्हटलं, "बाबा, दुकानाचं तोंड स्टेशनकडे आहे. स्टेशन इथून पूर्वेला. मग ऊन सकाळी यायला पाहिजे, दुपारी कसं?"

"पंचवीस वर्षं या रांगेत लिहितोय मी. इकडे स्टेशनकडे तोंड असलेल्या दुकानाला दुपारचंच ऊन. तिकडे पूर्वेला स्टेशनकडे तोंड असेल तर सकाळचं. म्हणून तिकडची कामं मी दुपारी धरतो."

"पण ते उलटं आहे!"

"असेल. मी कधी उन्हाला विचारायला गेलो नाही."

मी एका हाताने शिडी धरून दुसऱ्या हाताने बाबांचा मोबाइल काढला आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या गावाचा नकाशा उघडला. जगभर फिरणाऱ्याला स्वतःच्या गावाचा नकाशा लागतो कशाला! मुंबईहून निघालेले रूळ कल्याणपर्यंत साधारण वर चढत जातात. उजवी बाजू पूर्व, डावी पश्चिम. कल्याणला आमची लाइन उजवीकडे वाकते आणि खाली आग्नेयेला निघते. रूळ वळले, बाजूंची नावं वळली नाहीत. जिला आम्ही पिढ्यान् पिढ्या पश्चिम म्हणत आलो, ती बाजू पूर्वेकडे होती. आमच्या खोल्यांत ऊन यायचं तेच अकरा वाजता, पत्र्याच्या फटीतून, सरळ डोक्यावर. उगवता सूर्य मी चित्रातच बघितलेला. वास्तुशास्त्र मानणाऱ्यांच्या घरी निदान होकायंत्र येऊन गेलेलं असतं. आमच्याकडे तसलं काही मानत नसत, त्यामुळे तीही सोय नव्हती. इतके दिवस मी प्रशांतच्या घरातला सूर्य खोटा पाडत होते, आणि तो बिचारा रोज सकाळी पश्चिमेलाच उगवत होता, आमच्या पश्चिमेला.

मी दोन्ही हातांनी मोबाइल धरला. शिडी हलली. "अगं, धर!" बाबा ओरडले आणि 'मेडिकल'मधल्या 'मे'ची मात्रा हातभर लांब गेली. ते खाली उतरले. मी रडत रडत सगळं सांगितलं. बाबांनी ब्रश रॉकेलमध्ये बुडवला, फडक्याने एक एक केस पुसला आणि मग विचारलं, "तुला सूर्य माहीत नव्हता, की मुलगा नको होता?"

मी शिडीवरचा वाळलेला रंग नखाने खरवडायला लागले. त्यांनीही परत विचारलं नाही. फक्त म्हणाले, "उद्या पहाटे जाऊ. आधी डोळ्यांनी बघू, मग तोंड उघडू."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही स्कूटरवरून सोनिवलीत पोचलो. एकीकडे भाताची शेतं, एकीकडे तिसऱ्या मजल्यापर्यंत आलेल्या इमारती, आणि मधे कोंबडे. बाबांनी इमारतीवरचं 'बी विंग' बघून आधी नाक मुरडलं. "कोणी लिहिलंय हे? अनुस्वार घसरलाय." आम्ही फाटकापाशी उभे राहिलो. नदीच्या बाजूला आधी पांढरं झालं, मग तांबूस, मग अगदी त्या फोटोतल्यासारखा लालभडक सूर्य वर आला. मी आयुष्यात इतकी सुंदर आणि इतकी लाजिरवाणी सकाळ पाहिलेली नाही.

दुसऱ्या मजल्यावरून आवाज आला. "कोन हाय रं खाली? कवाधरनं वर तोंड करून उभे हाव. गिर्‍हान लागलाय का आज?"

बाबांनी हात जोडले. "जयभीम आजी. आम्ही अंबरनाथहून आलो. ते... सूर्यवाले."

वरती हसण्याचा असा काही स्फोट झाला की समोरच्या झाडावरचे बगळे उडाले. "या, या! सूर्यवाले आलं गो!" असं आजी आतल्या कुणाला तरी ओरडून सांगत होत्या.

चहाबरोबर आदल्या दिवशीची तांदळाची भाकरी आली. मी नकाशा उघडून समजावायला लागले, तर आजींनी मोबाइल बाजूला सारला. "टेसनात पाटी लावली म्हनून सूर्य ऐकनार हाय का? आमी तं कवा पश्चिम बोल्लोच नाय. नदीकडं, टेसनाकडं, डोंगराकडं, झाला. पश्चिम तं ह्या बिल्डरनी आनली."

प्रशांत आतून आला, केस उभे, खांद्यावर टॉवेल. आजी त्याला रोज पाच वाजता उठवायच्या, रात्री अकरापर्यंतची पाळी करून आला तरी. मी उभी राहिले आणि म्हटलं, "माझं चुकलं. ताईला यातलं काही माहीत नव्हतं. तिने माझं ऐकलं."

तो बघतच राहिला. "म्हणजे खरंच सूर्यामुळे ब्लॉक केलं? मला वाटलं, आजीने फोनवर भलतंच काही ऐकलं." मग त्याने डोक्यावरून हात फिरवला. "आठ दिवस मला वाटतंय माझे केस जातायत म्हणून." आणि तो हसला. तो हसला तेव्हा मला कळलं की ताई मोबाइलकडे बघून का हसायची. ते कळणंही मला फारसं आवडलं नाही.

"आता ताई काय बोलली?" आजींनी विचारलं.

"तिला अजून सांगितलं नाही."

"मंग हितं काय करतंस? ऊठ. आधी तिला सांग, मंग भाकर खा."

मी अर्धी भाकरी टाकून उठले. बाबांनी मला लॅबच्या दारात सोडलं आणि स्वतः शहाण्या माणसासारखे बाहेर थांबले. आत ताई एका काकांच्या दंडाला पट्टा बांधत होती. थांबले असते तर माझा धीर गेला असता, म्हणून मी पडद्याशी उभी राहून भडाभडा सांगायला लागले. रूळ, कल्याण, बाबांची पाटी, नदी, सगळं. "मूठ घट्ट धरा," ताई काकांना म्हणाली. तिने सुई घातली. नळीत रक्त आलं.

"आणि ताई, मला ते खोटंच निघायला हवं होतं. तू जाणार म्हणून. म्हणून मी कुणाला विचारलं नाही."

ताईचा हात हलला नाही. तिने सुई काढली, कापूस ठेवला. "हात दुमडून धरा, काका." काका एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "मी बाहेर बसलो तर चालेल ना?" आणि कापूस दाबत निघून गेले.

"मी तुझ्यावर विश्वास ठेवला, मनू," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण चेहरा मी तोवर न बघितलेला होता. "तुला सोळा वर्षं ओळखते, त्याला पंधरा दिवस. म्हणून तुझ्यावर ठेवला. एक फोन करून त्याला विचारायचं होतं, तेवढंसुद्धा मी केलं नाही. आठ दिवस मी त्याला खोटारडा समजत होते." मग तिने पुढच्या माणसाला आत बोलावलं. संध्याकाळी मोबाइल माझ्या हातात आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी मागितलाही नाही. ती माझ्याशी लागेल तेवढंच बोलायची, पाणी दे, दिवा बंद कर. तिच्या लेखी मी आता एक चुकणारी मुलगी होते, आणि ते मला कुठल्याही शिक्षेपेक्षा जास्त लागलं. प्रशांतला तिने त्याच दिवशी फोन केला होता, हे मला आईकडून कळलं.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही रीतसर घर बघायला गेलो. आई नवी पांढरी साडी नेसली होती आणि रिक्षात वाटभर आजींसमोर काय बोलायचं याची उजळणी करत होती. त्याची गरज पडली नाही. आजींनी दारातच तिचा हात धरला आणि थेट गॅलरीत नेलं. "बघून घ्या बाय, आधी नीट बघून घ्या. मागाहून तक्रार नको." आई इतकी लाजली, इतकी लाजली, की तिने पुढचा अर्धा तास प्रत्येक गोष्टीला "छान आहे, छान आहे" म्हटलं, न्हाणीतल्या बादलीलासुद्धा. मग पोहे आले, बाबांनी 'बी विंग'चा अनुस्वार फुकटात सुधारून द्यायचं कबूल केलं, आणि आत तारखेचं बोलणं सुरू झालं. मला तिथे बसवेना, म्हणून मी गॅलरीत येऊन उभी राहिले.

थोड्या वेळाने ताई बाहेर आली. तिने कठड्यावर हात ठेवले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मनू, इथून आपलं घर कुठल्या बाजूला?"

दुसरं कुणी विचारलं असतं तर मी एका सेकंदात बोट दाखवलं असतं. या वेळी मी घाई केली नाही. इमारतीची सावली कुठे पडलीय ते बघितलं, रूळ कुठून कसे जातात ते मनात आणलं, परत एकदा सावली बघितली. मग कठड्यावरून डावीकडे वाकून हात लांब केला. "तिकडे. बहुतेक."

"बहुतेक?" ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्यावर हसली. तीही माझ्याबरोबर वाकली. समोर इमारती होत्या, त्यांच्यामागे आणखी इमारती, आणि मग नुसता धूर. "दिसत नाही गं."

"दिसणार नाही."

"एकच तर स्टेशन आहे," ती म्हणाली. मी "हो" म्हटलं. आत आई कुठला तरी रविवार मोजत होती. ताईने कठड्यावरचा माझा हात घट्ट धरला आणि आम्ही दोघी त्या न दिसणाऱ्या घराकडे बघत उभ्या राहिलो. ती जायला मला नको होती, त्या क्षणीही नको होती. ते तिला आता माहीत होतं, आणि तरी दिशा तिने मलाच विचारली होती.